शनिवारचे मापटे

मित्रांनो, मी पत्र्याचा एक जुना डबा आहे. माझ्या झाकणावर कधीकाळी जहाजाचे चित्र होते; आता शिडाचा तुकडा तेवढा उरला आहे. मुंबईच्या एका कारखान्यातून मी बिस्किटे घेऊन ठाण्याला आलो. बिस्किटे दोन दिवसांत संपली आणि मला वाटले, आपण आता भंगारात. पण विमलाबाईंनी मला राखेने घासले, उन्हात वाळवले आणि चुलीजवळच्या फळीवर बसवले. त्या दिवसापासून मी मुठीचा डबा झालो.

ते साल सत्तेचाळीस. विमलाबाई आणि सहदेवराव हे ख्रिस्ती जोडपे नगरकडून नुकतेच आले होते. बाई शाळेत शिकवत. त्यांच्या माहेरची एक रीत होती. सकाळी भात चढवण्याआधी तांदळातून एक मूठ काढायची, एखाद्या गरजू माणसाचे नाव घेऊन प्रभूजवळ दोन शब्द बोलायचे आणि ती मूठ माझ्यात टाकायची. रविवारी मला देवळात न्यायचे. चर्चला ही मंडळी देऊळच म्हणत. तिथे सगळ्या घरांच्या मुठी एकत्र होत आणि त्यांच्या पुरचुंड्या करून गरजूंना वाटत.

तांदूळ तेव्हा रेशनचा, खडे वेचून डोळे दुखत. तरी मूठ चुकत नसे. बाई रोज एकच नाव घेत, गंगुबाईचे. गंगुबाई ही कळव्याला एकटी राहणारी विधवा. दर रविवारी खाडीचा पूल ओलांडून ती पायी उपासनेला येई आणि आपली पुरचुंडी घेऊन जाई.

एक्कावन्नचा नाताळ जवळ आला आणि बाईंच्या मागे कामांचा ससेमिरा लागला. शाळेच्या वह्या, महिला मंडळ, गाण्याच्या तालमी, मुलांचे नाटक. देवदूतांचे पुठ्ठ्याचे पंख माझ्या डोक्यावर वाळत पडलेले असत. सगळे प्रभूचेच काम, तेव्हा तक्रार करायची तरी कुणाकडे? सोमवारी मूठ राहिली. मंगळवारीही राहिली. शनिवारी सहदेवरावांनी झाकण उघडले.

"अगं विमल, डबा रिकामाच आहे."

"अगबाई! थांबा, घालते." बाईंनी पिंपातून एक मापटे भरले आणि माझ्यात रिते केले. "सात मुठींचं एवढंच होतं. उलट थोडं जास्तच."

"आणि प्रार्थना?"

"नाताळ होऊ दे हो. मग निवांत आहेच की."

असे तीन शनिवार गेले. देवळात मात्र माझे कौतुक होई. "एवढ्या धावपळीत बाईंचा डबा बघा, काठोकाठ!" मीही फुगलो. वजनात मी कुठे कमी पडत होतो?

चौथ्या शनिवारी मापटे सापडेना. पंख चिकटवायला त्यात खळ कालवली होती. बाई वैतागून मुठीनेच तांदूळ घालू लागल्या. पहिली मूठ पडली आणि जुन्या सवयीने तोंडून नाव निघाले, "गंगुबाई." दुसऱ्या मुठीचा हात पिंपातच राहिला.

"अहो, गंगुबाई इतक्यात दिसली का हो तुम्हाला?"

सहदेवरावांनी आठवून पाहिले. "नाही गं. तालमींच्या गडबडीत लक्षच गेलं नाही."

बाईंनी मला तसेच काखोटीला मारले आणि देऊळ गाठले. तिथली झाडलोट करणाऱ्या गुणाजीने कपाट उघडले. आत तीन पुरचुंड्या होत्या.

"गंगुबाईच्या हायेत, बाई. येईल तवा नेईल म्हणून ठेवल्यात."

तीन रविवार मी काठोकाठ भरून आलो होतो आणि तिच्या वाटणीचा एक दाणाही तिच्या तोंडी लागला नव्हता. बाईंनी तिन्ही पुरचुंड्या माझ्यात कोंबल्या आणि कळव्याचा पूल जवळजवळ पळतच ओलांडला.

शेजारची रखमाबाई दारातच भेटली. "ताप काय जाईना तिचा. मी पेज पाजतंय, पन दोन घोटांवर घेत नाय. त्या करवंटीत तांदूळ हाय, त्याला हात लावू देत नाय. देवाचं हाय म्हनते."

गंगुबाई अंथरुणाला खिळली होती. उशाशी करवंटी, तळाला थोडे तांदूळ.

"हे कुणासाठी ठेवलंस गं?" बाईंनी विचारले.

"मागं देवळात तुमी लई दमलेल्या दिसलात," गंगुबाई सावकाश म्हणाली. "डोळं मिटत हुतं तुमचं. म्हणून तांदूळ हुता तंवर म्या रोज चिमूट काढली, तुमचं नाव घेऊन."

विमलाबाई मला मांडीवर घेऊन ढसाढसा रडल्या. मी पत्र्याचा, मला रडता येत नाही. पण काठोकाठ भरलेला असल्याची त्या दिवशी मला लाज वाटली.

त्यांनी गंगुबाईला टांग्यातून घरी आणले, डॉक्टर बोलावले. नाटकात दोन देवदूत बिनपंखांचे उभे राहिले. कुणाचे काही बिघडले नाही. फेब्रुवारीत गंगुबाई पुन्हा पूल ओलांडू लागली आणि पुढे पाच वर्षे, अखेरपर्यंत, ओलांडत राहिली.

आता फळीवर ॲल्युमिनियमचा नवा डबा आहे. मी माळ्यावर असतो, पोटात ती करवंटी घेऊन. मला गंज चढतो आहे, याची खंत वाटते. कुणी वर्षाकाठी एक फडका मारला तर बरे वाटेल. पण मित्रांनो, माझे खरे मागणे वेगळे आहे. मी रिकामा होतो, ते झाकण उघडताच दिसले. भरलेला होतो, तेव्हा तीन रविवार कुणालाच काही कळले नाही. तुम्ही घाईत असाल तेव्हा मूठ लहान घ्या, पण नाव घ्या. खाली बाई रोज सकाळी तेच करतात; आता नाव दुसऱ्या एका एकट्या बाईचे असते. मग हात पुसत विचारतात, "अहो, तुम्हाला दिसली का हो ती इतक्यात?"