सुप्रभाक्काचे दात

भामाला आपल्या थोरल्या जावेचं सगळं सहन होत होतं, फक्त तिचे दात सहन होत नव्हते. सुप्रभाक्का बासष्टीची, भामा तिच्याहून धाकटी. पण अक्का हसली की अख्खी बत्तिशी झळकायची आणि भामाच्या अंगाची लाही लाही व्हायची. ती स्वतः हसायची तोंडाला पदर लावून. उजवीकडच्या दाढेने तर तिने कधीपासून चावणंच सोडलं होतं. गार पाणी लागलं की कळ थेट मस्तकात जायची, पण हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

अक्का दर सहा महिन्यांनी शांभवी डॉक्टरांकडे दात दाखवून यायची.

"दुखत नाही, खुपत नाही, आणि निघाली डॉक्टरकडे! नुसते नखरे," भामा म्हणायची.

"दुखायच्या आधीच जायचं असतं गं. चल की माझ्यासंगं."

ते 'चल' भामाला फार झोंबायचं. आपल्या तोंडातलं सगळं हिला ठाऊक आहे की काय, असं वाटायचं.

गोकुळाष्टमीला त्यांच्याकडे तमिळ मुलखातल्या चालीप्रमाणे सीडई करतात, तांदळाच्या पिठाच्या तळलेल्या गोळ्या. यंदा तळणीशी भामा होती आणि तिच्या अंगात कली संचारला. पिठात तिने मुद्दाम लोणी घातलं नाही. गोळ्या निघाल्या गोट्यांसारख्या. मेलीचा एक तरी दात हलू दे, एवढंच तिने कृष्णाकडे मागितलं.

नैवेद्य झाला. तिरुवैयारूहून आलेली पाहुणेमंडळीही पंगतीला होती. भामाने वाटी आधी अक्कापुढे धरली. अक्काने एक सीडई बोटांत दाबून पाहिली आणि परत ठेवली.

"मज नको. कडक खाऊ नको म्हणून डॉक्टरम्मांनी सांगितलंय. तूही खाऊ नको भामा, दगड झालीय बघ."

कुणीतरी खुसकन हसलं. चारचौघांत असा पाणउतारा! भामाचं डोकंच फिरलं.

"कोण म्हणतं दगड?" तिने सीडई तोंडात टाकली आणि रागाच्या भरात नेमकी उजवीकडे चावली.

कडकन आवाज झाला. सीडई शाबूत होती, दाढ फुटली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काच तिला रिक्षात घालून घेऊन गेली. शांभवी डॉक्टरांनी आरसा फिरवून आत पाहिलं.

"वर्षभर आधी आला असतात तर एवढीशी कीड होती, भरून दिली असती. आता काढावी लागेल. शेजारच्या दोन दाढाही किडायला लागल्यात, पण त्या वाचतील."

दाढ निघेपर्यंत अक्काने भामाचा हात सोडला नाही. भामाच्या डोळ्यांत पाणी आलं. दुखणं सोसवत होतं, त्या हाताचा चांगुलपणा मात्र सोसवत नव्हता. इतकं चांगलं वागायला हिला जमतं तरी कसं?

"आता अक्कांसारखं दर सहा महिन्यांनी येत जा," डॉक्टर म्हणाल्या.

भामाने कापसाचा बोळा जिभेने गालात सारला.

"हिला सहा ना? मग मला पाच महिन्यांनी बोलवा."