बसलेल्या आवाजाची निळी गिटार

मी एक निळी इलेक्ट्रिक गिटार बोलतेय. म्हणजे बोलतेय मीच, पण हा आवाज माझाच का, असं विचाराल तर मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. झालं काय ते सांगते. तुम्हाला काही उलगडलं तर बघा.

माझा जन्म कारखान्यातला. लाकडाचे पातळ थर एकमेकांवर चिकटवून माझं अंग केलं, त्यावर जाड निळा रंग चढवला आणि ढिगातले दोन पिकअप उचलून तारांखाली बसवले. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर माझी तार थरथरली की ती थरथर तो पकडतो आणि स्पीकरकडे धाडतो. आता त्याला माझा कान म्हणायचं की गळा? इथूनच माझा गोंधळ सुरू होतो.

तपासणाऱ्या बाईनं मला एकदाच छेडलं, मान तिरकी करून ऐकलं आणि म्हणाली, "चालेल."

दुकानात तीन वर्षं भिंतीवर टांगून काढली. लोक मला खाली उतरवायचे, दोन सूर वाजवायचे आणि माझ्या शेजारणीला घरी घेऊन जायचे. शेवटी चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा एक माणूस आला. त्याला निळा रंग आवडला. झालं, निघाले मी.

घरात तो आणि त्याची थोरली बहीण, एवढीच माणसं. तो तिला ताई म्हणायचा आणि ती त्याला बाळ्या, तिशी ओलांडलेला असूनही. ताई बालवाडीत शिकवायची. दोन वर्षांपूर्वी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज बसला तो बसलाच. डॉक्टर म्हणाले होते, वापराल तसा सुधारेल. पण तिनं वर्ग सोडला आणि त्याच शाळेच्या ऑफिसात हजेरीची कामं घेतली. घरातही ती मोजकंच बोलायची. बाळ्याला जेवायला बोलवायचं तर ओट्यावर डाव आपटायची.

एका संध्याकाळी बाळ्या माझ्यावर एक संथ चाल वाजवत बसला होता. मध्येच कुठून तरी बारीक गुणगुण यायला लागली. मला वाटलं, स्पीकर बिघडला. बाळ्याचा हात क्षणभर अडखळला, पण त्यानं मान वळवली नाही. स्वयंपाकघरात ताई गात होती!

मग रोज तसंच होऊ लागलं. तो बाहेर वाजवायचा, ती भिंतीआडून गायची आणि दोघंही त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. माणसं असं का करतात, मला कळत नाही.

बाळ्याचा एक मित्र ड्रम वाजवतो. त्यानं एकदा मला ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. "अरे, ही पांघरुणातून बोलतेय. पिकअप बदल हिचे."

बाळ्यानं ते मनावर घेतलं. आपल्या ताईला साथ करायची ती अशा दबक्या आवाजात? त्यानं मला मास्तरांकडे नेलं. मास्तर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. आता घरातल्या पुढच्या खोलीत रेडिओ, स्पीकर आणि माझ्यासारख्यांची दुरुस्ती करतात. त्यांनी माझ्या तारा उतरवल्या, पत्रा उघडला आणि तापलेल्या सोल्डरिंगच्या सळईनं जुने जोड सोडवले. दोन्ही पिकअप बाहेर निघाले तेव्हा मी होते की नव्हते? खरंच सांगता येत नाही. तारा नाहीत, गळा नाही, नुसतं निळं लाकूड.

नवे पिकअप बसले, नव्या तारा चढल्या. बाळ्यानं हात मारला आणि मीच दचकले. कुणीतरी स्टीलचं ताट फरशीवर सोडावं तसा लख्ख आवाज! बाळ्याचा चेहरा फुलला. मला मात्र वाटत होतं, हे दुसरंच कुणीतरी बोलतंय.

त्या संध्याकाळी त्यानं तीच चाल सुरू केली. ताई दारात आली, "छान झालीय की," म्हणाली आणि आत गेली. चालीत ती जिथून गायला लागायची ती जागा आली. गेली. आतून फक्त नळाचा आवाज.

दुसऱ्या दिवशीही तेच. आठवडा गेला. मित्र येऊन माझी वाहवा करून गेला, आणि घर मात्र मुकं. माझं काय चुकलं?

शेवटी बाळ्यानं वाजवणं थांबवून विचारलं, "ताई, घसा दुखतोय का?"

"नाही रे."

"मग गात का नाहीस?"

ती ओले हात पुसत बाहेर आली. "आधी तुझी गिटार माझ्यासारखीच होती. बसलेल्या आवाजाची. दोघी तशाच, म्हणून खपून जायचं. आता ती एवढी खणखणीत झाली..." तिनं हात झटकला. "जाऊ दे."

"अगं, तुझ्यासाठीच तर बदलले!"

"मी सांगितलं होतं तुला?"

बाळ्यानं मला मांडीवरून खाली ठेवलं. ती माझं कौतुक करत होती की मला नावं ठेवत होती?

दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन तडक मास्तरांकडे गेला. "जुनेच परत बसवा."

"जुने कुठले? त्यांची तार उलगडून मी वापरली," मास्तर म्हणाले. "आवाज कुणाला खुपतोय?"

"ताईला."

"मग तिला आण. तुला काय विचारायचं?"

शाळा सुटल्यावर ताई आली. पर्स घट्ट धरून खुर्चीच्या टोकावर बसली. मास्तरांनी बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेतला. "हे पिकअप तारांच्या फार जवळ आलेत. थोडे खाली घेतो. तुम्ही गा, म्हणजे मला अंदाज येईल."

"इथे?"

"मग काय, फोनवरून? अहो, चाळीस वर्षं लोकांच्या लाइनीतली खरखर ऐकलीय मी. मला काही नवीन नाही."

ताई हसली. बाळ्यानं चाल धरली आणि ती अगदी पुटपुटत गायला लागली. मास्तर एकेक स्क्रू पाव वेढा फिरवत होते. "अजून खाली?" ती मान हलवायची. अजून खाली. माझा आवाज मऊ होत गेला, मग दबका, मग अगदी पूर्वीसारखा पांघरुणातला. मला वाटलं, चला, सापडले मी!

तेवढ्यात ताई थांबली.

"बाळ्या, मी अशीच ऐकू येत होते?"

"कशी?"

"अशी. तोंडावर हात ठेवल्यासारखी."

बाळ्या खाली बघायला लागला. "थोडीशी," तो म्हणाला.

ताई पर्स खाली ठेवून म्हणाली, "मास्तर, वर घ्या तिला. नाही, पूर्ण नको. थोडी."

पाव वेढा. अर्धा. तिनं परत सुरुवात केली, आता जरा मोकळ्यानं. वरच्या सुरावर आवाज फाटला. बाळ्याचं बोट चुकीच्या तारेवर पडलं. मास्तरांचा हात हवेतच राहिला. ती थांबली नाही, फाटलेला सूर तसाच ओढत पुढच्या ओळीवर गेली.

"हं," ती शेवटी म्हणाली, "इथे राहू दे."

त्या 'इथे'वर मी आज आहे. पूर्वीची दबकी राहिले नाही, मित्राला आवडणारी लख्खही झाले नाही. अंग जुनं, गळा नवा, आणि उंची एका बाईच्या घशानं ठरवलेली. ताई आता बाहेरच्या खोलीत बसून गाते. रोज एकदा तरी तिचा आवाज फाटतो, आणि बाळ्या आता बोट चुकवत नाही.

तुम्ही कधी आमच्याकडे आलात तर मला ऐका, आणि यातली मी कोणती ते जमलं तर सांगा. फक्त ती गात असताना विचारू नका. तेव्हा मी कामात असते.