रॅक म्हणेपर्यंत

सासूबाईंना सकाळपासून एकच गोष्ट खटकत होती, ती म्हणजे सुनेचा पोशाख. अंगाला घट्ट बसलेला, मांड्या उघड्या टाकणारा. आत गुडघ्यापर्यंत चड्डी घाल, असं त्यांनी घरून निघतानाच बजावलं होतं आणि सुनेनं मुकाट्यानं घातलीही होती. स्पर्धेच्या ठिकाणी साहित्य तपासणीच्या टेबलावर पंचांनी ती काढायला लावली. आत लांब चड्डी चालत नाही, वजन उचलताना तिचा आधार मिळतो म्हणे.

"चड्डीचा कसला आलाय आधार!" सासूबाई व्हीलचेअरवरून पुटपुटल्या.

पंचांनी कमरेच्या पट्ट्याची रुंदी टेपनं मोजली, गुडघ्यांवर चढवायची आवरणं उलटीसुलटी करून पाहिली आणि मग कुठे हिरवा कंदील दाखवला.

सून लाँड्रीत कामाला. ओल्या चादरींचे गठ्ठे उचलून तिचे खांदे असे तयार झालेले, की पॉवरलिफ्टिंगच्या कोचनं तिला पाहताक्षणी हेरलं. वर्षभर तिनं घरीच, मागच्या खोलीत सराव केला. त्याच वर्षी सासूबाई खुब्याचं हाड मोडून शेजारच्या खोलीत पडून होत्या, हेही सांगायला हवं.

पहिला प्रकार स्क्वॉटचा. दांडा खांद्यांवर घ्यायचा, खाली बसायचं, उठायचं. संधी तीन. तिन्ही फुकट गेल्या तर गाशा गुंडाळायचा, पुढचे प्रकार करायलाही मिळत नाहीत. सून बसली, उठली, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तिन्ही पंचांचे दिवे लाल लागले, म्हणजे संधी बाद. दुसऱ्यांदाही तेच.

"अहो, उचललं की तिनं!" सासूबाई भडकल्या. "या पंचांचे डोळे फुटलेत की काय?"

"उचललं हो आजी," कोच म्हणाली. "पण उठल्यावर स्थिर उभं राहायचं असतं. मुख्य पंच 'रॅक' म्हणतात, मगच दांडा स्टँडवर ठेवायचा. ही बया उठते आणि पळतेच." मग ती सुनेकडे वळली. "कुठं आग लागलेली असते गं? घरीही असंच करतेस?"

सुनेनं बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली. "सवय लागलीय," एवढंच म्हणाली.

ती सवय कुणी लावली, हे तिथं सासूसुनेलाच ठाऊक होतं. आधी सासूबाईंचा खोकला, मग "अगं, पाणी!" की पलीकडे दांडा खणकन स्टँडवर आदळायचा आणि सून धापा टाकत दारात हजर. माझी सून किती तत्पर, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. खांद्यावरचं ओझं अर्ध्यात टाकून ती येते, हे कधी मनातच आलं नव्हतं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"आज मी हाक मारणार नाही," त्या म्हणाल्या. "तू तुझं निवांत कर."

सून नुसती हसली आणि हाताला खडूची पूड लावून निघाली.

ती खाली बसली. उठताना अर्ध्यावर अडली, मग इंचाइंचानं वर येऊ लागली. नेमका तेव्हाच सासूबाईंचा घसा खवखवला. त्यांनी तोंडात रुमाल कोंबला, डोळ्यांतून पाणी आलं तरी श्वास रोखून धरला. सून सरळ उभी राहिली. पंच काही बोलेनात. आणि मेला तो खोकला सुटलाच, चिडीचूप सभागृहात पार शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला.

सुनेची मान हलली. पाय जागचे हलले नाहीत.

"रॅक!"

दांडा स्टँडवर गेला. तिन्ही दिवे पांढरे लागले. कोचनं टुणकन उडी मारली. सासूबाई अजून खोकतच होत्या, घशाला कोरड पडली होती. सुनेनं ते दिवे डोळे भरून पाहून घेतले आणि मग तिथूनच हात वर केला.

"आले हं आई. थांबा जरा."

वर्षभरात तिनं थांबायला सांगितल्याचं सासूबाईंना आठवेना. रुमालानं डोळे पुसत, हसत, खोकत त्या थांबल्या.