कापूस कोंबलेली खंजेरी

मी खंजेरी बोलतेय. गप्प बसायचं मला कोणी शिकवलंच नाही. शाळा पाहिली ती फक्त पंधरा ऑगस्टच्या प्रभातफेरीत, म्हणून माझ्या शुद्धलेखनाला हसू नका.

सागाचं कडं, बकरीचं कातडं, पितळी चकत्या, एवढीच मी. केळझरजवळच्या गावात रामाजीनं मला हाती धरलं. भजनात कोणाचा ठेका चुकला की तो असा बघायचा की गाणाऱ्याची ओळ घशातच राहायची. सगळ्यात जास्त चुकायचा त्याचा दोस्त लहानू. अन् माणसांची गंमत बघा, बारशाला मलाच बोलावतात, मयतापुढेही मलाच!

त्यातूनच घोटाळा झाला. सन अठ्ठ्याण्णवात रामाजीला न्यूमोनिया झाला. वर्ध्याच्या दवाखान्यात, अतिदक्षता विभागात, तोंडात नळी, बाजूला श्वासाचं मशीन. घाबरून तो नळी ओढायचा, म्हणून हात पट्टीनं पलंगाला बांधलेले. इंजेक्शन दिलं की शांत व्हायचा, पण गुंगीत स्वतःहून श्वास घेईना, अन् मग नळी निघेना.

शोभा सिस्टर लहानूला म्हणाल्या, "नुसत्या औषधावर किती दिवस ठेवायचं? त्यांच्या सवयीचं काही घरून आणा."

लहानूनं मला नेलं. पलंगापाशी मी जरा छनकले, अन् रामाजीचे डोळे पांढरे! मशीन टीं-टीं करायला लागलं.

लहानू ओरडला, "अबे, काऊन भेऊन राह्यला? तुया मयताले नाई आलो!"

सिस्टर धावत आल्या. लहानूला दटावलं, माझ्या चकत्यांत ड्रेसिंगचा कापूस कोंबला. कापसाच्या मुलखात जन्मले, पण तोंडात कापूस पहिल्यांदाच!

मग त्या रामाजीला सावकाश म्हणाल्या, "हा दवाखाना आहे. सकाळ झालीय. नळी श्वासासाठी आहे, सुधारलात की काढू. हे लहानू आलेत, बघा."

लहानूनं मला बांधलेल्या हाताखाली सरकवलं अन् कातड्यावर ठेका धरला. धरला कसला, चुकवला! रामाजीच्या कपाळावर आठी. पुन्हा चुकवला. तेव्हा रामाजीचं बोट हललं. टक. टक-टक. बरोबर ठेका! हळूहळू श्वासही त्या चालीवर आला. सिस्टरनं एक हात सोडून पाहिला. तो नळीकडे गेला नाही, माझ्यावर आला.

मग रोज तेच. इंजेक्शनं कमी होत गेली अन् एक दिवस नळी निघाली. घोगऱ्या आवाजात रामाजी पहिलं बोलला ते हे, "लहान्या, तुले या जन्मात ठेका जमनार नाई."

"मुद्दाम चुकवत होतो बे, तुयासाठी!"

आता रामाजीचे हात थरथरतात, माझं कातडं ढिलं पडलंय. मी खुंटीवर असते. खाली दोघं म्हातारे अजून त्यावरच भांडतात. मुद्दाम की खरंच? मला माहीत आहे, पण सांगत नाही.

तुमचं माणूस असं दवाखान्यात पडलं तर रडकं तोंड नेऊ नका. सिस्टरला विचारून त्याच्या सवयीचं काही न्या. अन् मला न्याल, तर आधी कापूस कोंबा.