गोजाबाईवर सुई का चालेना

खोकला थांबला आणि निंगप्पानं दवाखान्याची वाट सोडली. वळसंगहून सोलापुरात येऊन तो एका कारखान्यात माग चालवायचा. क्षयाच्या सुया त्यानं तीन महिने टोचून घेतल्या, तशी अंगात ताकद आली, भाकरी गोड लागू लागली. गोळ्या मात्र दीड वर्ष घ्यायच्या होत्या. पाळी संपवून पुन्हा रांगेत उभं राहायचा त्याला कंटाळा आला होता. वर्षभरानं खोकला उलटला. त्यानं थोड्या सुया घेतल्या आणि पुन्हा सोडल्या.

शहात्तर साली त्याची बायको गोजाबाई खोकू लागली. तिला मात्र त्यानं नेमानं नेलं. दोन महिने सुया झाल्या, तरी ती वाळतच चालली. बेडका तपासायला बाहेरगावी गेला. आणखी दोन महिन्यांनी कागद आला.

"हिच्यावर ही सुई चालत नाही," दवाखान्यातल्या सिस्टर सुंदरम्मा म्हणाल्या.

"असं कसं वो? तिनं तर जल्मात पयल्यांदा सुई घेतली की."

"तिनं पहिल्यांदा घेतली, निंगप्पा. तिच्या अंगातल्या जंतूंनी नाही. ते तुमच्या अंगात होते तेव्हाच सुई पचवायला शिकले. तुम्ही अर्ध्यावर सोडलंत. दुबळे मेले, चिवट उरले. तेच तिला लागले."

सुंदरम्मांच्या आवाजात राग नव्हता. त्या आठवड्यात हेच सांगायची त्यांची ही तिसरी वेळ होती.

बाहेर बाकावर गोजाबाई भिंतीला टेकून बसली होती. "काय म्हनल्या?"

खोटं त्याच्या ओठांवर आलं होतं. "माज्यामुळं झालं," तो म्हणाला, आणि सगळं सांगितलं.

ती भिंतीचा टेका सोडून सरळ बसली. मग म्हणाली, "आता तुमीबी तपासून घ्या. घरात पोरगी हाय."

त्याच्या बेडक्यातही तेच निघालं. दोघांना दुसरी औषधं सुरू झाली. ती घेतली की मळमळायचं, जेवण नको व्हायचं. दोन वर्षं दोघांनी एकही दिवस चुकवला नाही. गोजाबाई वाचली, पण निम्म्या दमानं. घागर उचलणं तिला पुन्हा जमलं नाही. पोरगी तेवढी सुटली.

कारखान्यात कुणी "बरं वाटतंय, आता गोळ्या बंद" म्हणालं की निंगप्पा माग थांबवून त्याच्याजवळ जाई. "मलाबी बरंच वाटत हुतं," एवढं म्हणून तो गोजाबाईची गोष्ट सांगे. काही ऐकत, काही हसत.

बंधूंनो, बरं वाटणं म्हणजे बरं होणं नव्हे. अर्ध्यावर टाकलेलं औषध आपल्या एकट्याचं नुकसान करून थांबत नाही. ज्यांनी ते कधी घेतलंच नाही, त्यांच्याही वाट्याचं ते निकामी करतं.