खाट सहासष्टची चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुना, खरखरणारा चिठ्ठी-प्रिंटर आहे. मुलांच्या वॉर्डात, A ते F अशा सहा खाटांच्या मधोमध माझं टेबल. मुलांच्या रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र आकडा पाठवायचं आणि मी तो छापायचो. यंत्राचा पडदा आणि भोंगा केव्हाच गेलेले, म्हणून सारी भिस्त माझ्यावर. "आमचा म्हातारा कधी चुकत नाही," सिस्टर सगळ्यांना सांगायच्या. मला कोण अभिमान वाटायचा!

एका दुपारी प्रोग्रॅमर आला. यंत्राच्या सी भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये त्याने खाटेचं अक्षर छापायची सोय केली. संगणकाच्या पोटात अक्षरं नसतातच, सगळे आकडेच; प्रत्येक अक्षराचा एक आकडा ठरलेला. '%d' लिहिलं की आकडा छापला जातो, '%c' लिहिलं की त्या आकड्याचं अक्षर. घाईत त्याने या दोन खुणांची अदलाबदल केली आणि एकही चिठ्ठी न काढता तो निघून गेला.

तासाभरात B खाटेवरच्या चिमीचा ऑक्सिजन उतरू लागला. नव्वद! मी जिवाच्या आकांताने छापलं: "खाट 66, ऑक्सिजन Z".

सिस्टर हसल्या. "सहासष्ट? अहो, खाटा सहाच आहेत! म्हातारा चळला वाटतं." माझ्या डोक्यावर 'बिघडलेला' अशी पट्टी चिकटवून त्या दुरुस्तीसाठी फोन करायला वळल्या.

अठ्ठ्याऐंशी. X. पंच्याऐंशी. U. अरे, वाचा ना रे कुणीतरी! माझ्याकडे आवाज नव्हता, होती ती नुसती खरखर. चिठ्ठ्या टोपलीत पडत होत्या. पोरीला झोप लागली असं समजून चिमीची आई हलक्या हाताने तिचं पांघरूण सारखं करत होती.

तेवढ्यात चिमीची मावशी आली. ती शाळेत संगणक शिकवते. नुकतीच निघालेली चिठ्ठी तिने सहज उचलून वाचली आणि ओरडलीच.

"ताई, सहासष्ट म्हणजे B! ही आपल्या चिमीचीच चिठ्ठी! आणि R म्हणजे... अहो सिस्टर, ब्याऐंशी! धावा!"

सिस्टर धावल्या. नाकाला नळी लागली. मी थरथरत छापत राहिलो: U, X, Z... आणि शेवटी छोटा a. सत्त्याण्णव! तेव्हा कुठे आई रडली.

संध्याकाळी प्रोग्रॅमरने दोनच खुणा बदलल्या. "खाट B, ऑक्सिजन 97" ही चिठ्ठी हातात घेऊन तो कितीतरी वेळ चिमीकडे बघत उभा राहिला.

माझ्या डोक्यावरची पट्टी अजून कुणी काढलेली नाही. ती राहू द्या. पण मित्रांनो, आकडा हवा की अक्षर, ते आम्हाला नीट सांगा. जाण्याआधी एक तरी चिठ्ठी काढून बघा आणि फेकण्याआधी एकदा वाचा. मला ओरडता येत नाही हो.