सासरे, नेचा आणि एकच सावली

जावईबापू विमा कंपनीतून निवृत्त झाले आणि देशी वनस्पतींचे कैवारी बनले. उद्यानप्रेमी मंडळाच्या बैठकीत त्यांनी ठोकून दिलं, "माझ्या बागेत पुरुषभर उंचीचा देशी नेचा आहे." नेचा तेव्हा कुंडीत होता आणि फार तर गुडघाभर.

आता तो वाढवणं आलं. बागेत दाट सावली एकच, कोपऱ्यातल्या जुन्या झाडाखालची. तिथे दुपारी आरामखुर्ची टाकून सासरे, म्हणजे अप्पा, पेंगत पडायचे. नेच्याला ऊन सोसत नाही, असं पुस्तकात होतं. सासऱ्यांबद्दल पुस्तकात काहीच नव्हतं.

खुर्ची जिन्यापाशी गेली.

"अहो, तिथे रणरणतं ऊन असतं!" बायको म्हणाली.

"ड जीवनसत्त्व मिळेल अप्पांना."

मग नेच्याची बडदास्त सुरू झाली. मुळाशी कुजलेला पाला, वाऱ्याला आडोसा म्हणून गोणपाट, येताजाता पाण्याचा फवारा. अप्पांना एक टोपी मिळाली.

"जावईबापू, त्याचं झालं की मलाही एक फवारा मारा," अप्पा म्हणायचे. "मीही देशीच आहे."

नेचा फोफावला, पण छातीशी येऊन अडला तो अडलाच. आणि मंडळाचे परीक्षक तो पाहायला यायच्या दिवशीच अप्पांचं डोकं तापलं. त्यांनी खुर्ची ओढत नेली आणि थेट नेच्याच्या पानांत घुसवून आत अंग टाकलं.

"अप्पा, उठा! परीक्षक फाटकात आलेत!"

"येऊ देत की. मी काय त्यांच्या मांडीवर बसलोय?"

परीक्षक आले. खुर्चीत रुतलेल्या अप्पांच्या डोक्यावर पानांची कमान झुलत होती.

"वा!" मुख्य परीक्षक म्हणाले. "उंचीचा अंदाज यावा म्हणून माणूस ठेवलात! याला म्हणतात दृष्टी."

"ठेवावा लागतो," जावईबापू विनयाने म्हणाले.

"उद्या फोटो काढायला माणूस पाठवतो. सगळं अस्संच राहू द्या."

पाहुण्यांची पाठ वळताच जावईबापू स्वतः आतून उशी घेऊन आले.

"अप्पा, उद्याही इथेच बसा हं. फक्त जरा आखडून."

"बसतो की. उद्या, परवा आणि यापुढे रोज."

"रोज? अहो, पानं मोडतील त्याची!"

अप्पांनी टोपी काढून जावयाच्या हातात दिली.

"बरं, मग राहिलं. उद्या फोटोला मी त्याच्या शेजारी उभा राहतो."

जावईबापूंनी अप्पांच्या पाठीशी उशी नीट सरकवली.